युरोपातून युरोपात: दुसऱ्यांदा देश बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून पहिल्यांदा युरोपात येताना माणूस सावध असतो. याद्या करतो, दहा जणांना विचारतो. मग ॲमस्टरडॅम किंवा लिस्बनमध्ये तीन-चार वर्षे निघतात, "आता युरोप कळला" असे वाटायला लागते आणि तीच मंडळी फारशी चौकशी न करता सामान भरून म्युनिकला निघतात. बहुतेक घोळ इथेच होतात. सीमेवरचे पहारे उठले, पण प्रत्येक देशाची नोंदणी, विमा, कर आणि भाडेकायदा वेगळाच राहिला. सर्वाधिक प्रश्न जर्मनीत जाणाऱ्यांचे असतात, त्यामुळे खालची उत्तरेही तिकडे झुकलेली आहेत.

नेदरलँड्सचा परवाना आहे आणि दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत. मग जर्मनीसाठी वेगळा परवाना कशाला?

शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवलेल्या देशांचा गट, प्रवासासाठी आहे, राहण्यासाठी किंवा कामासाठी नाही. एका शेंगेन देशाच्या वास्तव्य परवान्यावर दुसऱ्या शेंगेन देशात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. पगारी काम करता येत नाही. "आधी जाऊन रुजू होतो, कागद नंतर बघू" हा बेत म्हणूनच धोक्याचा. आणखी एक गोंधळ: शेंगेन आणि युरोपीय संघ या एकाच गोष्टी नाहीत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड यांचे नेमके उलटे. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमांवरची तपासणी १ जानेवारी २०२५ पासून उठली.

ब्लू कार्ड असले की कुठेही जाता येते ना?

कुठेही नाही, पण या कार्डाने, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या युरोपीय संघाच्या परवान्याने, वाट बरीच सोपी होते. पहिल्या देशात ब्लू कार्डवर १२ महिने झाले की दुसऱ्या देशात व्हिसाशिवाय दाखल होता येते आणि पोचल्यापासून एका महिन्याच्या आत तिथे नव्या ब्लू कार्डसाठी अर्ज करावा लागतो. पूर्ण अर्ज दिल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांनी काम सुरू करू देणे त्या देशावर बंधनकारक आहे. इथे "पूर्ण" या शब्दावर सगळे अडते: एक कागद कमी असला तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. पगाराची किमान मर्यादा नव्या देशाची लागते, जुन्या नव्हे, आणि ती बहुधा दर जानेवारीला बदलते. नोव्हेंबरमध्ये ठरलेला पगार जानेवारीत अर्ज करताना थोडक्यात अपुरा पडतो, असे हमखास होते. डेन्मार्क आणि आयर्लंड या योजनेतच नाहीत.

आता मुख्य अडचण. नेदरलँड्समधल्या भारतीय आयटीवाल्यांपैकी बहुतेकांकडे ब्लू कार्ड नसते, 'केनिसमिग्रांत' परवाना असतो. तो डच सरकारचा राष्ट्रीय परवाना आहे. त्यावर ही सवलत मिळत नाही. जर्मन वकिलातीतून राष्ट्रीय व्हिसा काढूनच जावे लागते. कार्डावर परवान्याचा प्रकार छापलेला असतो, तो राजीनामा देण्याआधी वाचा.

पाच वर्षे झाली. कायम वास्तव्य कोणते घ्यावे?

बहुतेक देशांत दोन पर्याय असतात: त्या देशाचा राष्ट्रीय कायम परवाना आणि 'युरोपीय संघ दीर्घकालीन रहिवासी' परवाना. पुढे देश बदलण्याची जराही शक्यता असेल तर दुसराच घ्या. जर्मनीचा राष्ट्रीय परवाना, म्हणजे 'नीडरलासुंग्सएरलाउबनिस', देशाबाहेर सलग सहा महिने राहिल्यावर साधारणपणे आपोआप रद्द होतो. संघाचा परवाना असेल तर दुसऱ्या सदस्य देशात जाऊन तीन महिन्यांच्या आत तिथल्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो (डेन्मार्क आणि आयर्लंड वगळून), आणि पहिला परवाना लगेच जात नाही. ब्लू कार्डधारकांना आणखी एक फायदा आहे: वेगवेगळ्या देशांत काढलेली वर्षे मिळून पाच झाली तरी चालतात, फक्त शेवटची दोन अर्ज करता त्या देशात सलग हवीत.

नागरिकत्वाचे तसे नाही. त्यासाठीची वर्षे नव्या देशात पुन्हा पहिल्यापासून मोजतात. चार वर्षे एका देशात काढून केवळ पगार थोडा जास्त म्हणून उठणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आम्ही गोव्याचे, पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आम्हाला यातले काय लागू होते?

परवान्याचे जवळपास काहीच नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे आणि ते मिळाले की तुम्ही संघाचे नागरिक. तीन महिन्यांपर्यंत नुसता पासपोर्ट पुरतो. त्यानंतर नोकरी, धंदा, शिक्षण किंवा स्वतःपुरते पैसे अधिक आरोग्यविमा, यांपैकी एक दाखवावे लागते. सलग पाच वर्षे कायदेशीर राहिलात की कायम वास्तव्याचा हक्क.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. स्विंडन, साउथॉलमधली गोवेकरांची वस्ती याच पासपोर्टवर उभी राहिली, पण ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्याला इतर परदेशी माणसासारखाच व्हिसा लागतो. आधीपासून राहणाऱ्यांनी 'सेटल्ड स्टेटस', म्हणजे तिथे कायम राहण्याचा दर्जा, घेतले असेल आणि आता ते आयर्लंड किंवा जर्मनीला निघाले असतील, तर सलग पाच वर्षे ब्रिटनबाहेर राहिल्यावर तो दर्जा जातो हे लक्षात ठेवावे.

नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय पासपोर्टवर. तिचे काय?

संघाचा नागरिक स्वतःच्या देशाबाहेर दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर त्याच्या जोडीदाराला तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क युरोपीय कायद्याने मिळतो. प्रवेश व्हिसा मोफत आणि प्राधान्याने द्यायचा असतो. तिथे पोचून अर्ज केल्यावर सहा महिन्यांत वास्तव्य कार्ड मिळायला हवे. हे जोडपे पोर्तुगालमध्येच राहणार असेल तर मात्र हा कायदा लागत नाही, पोर्तुगालचे स्वतःचे नियम लागतात. आणि आयर्लंडने दिलेले कार्ड जर्मनीत राहायला चालत नाही. तिथे नवे काढावे लागते.

भारतातले दाखले एकदा अपोस्टिल केलेत. पुन्हा करावे लागतील?

अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, एकदा झाला की बऱ्याच देशांत तेच दाखले चालतात. जर्मनीत अडतात, कारण भारत अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत नोंदवली. तिथले कार्यालय दाखल्याची वेगळी पडताळणी मागू शकते आणि तिला महिने लागतात. लग्न किंवा मुलाचा जन्म युरोपात झाला असेल तर सोपे आहे: फेब्रुवारी २०१९ पासून सदस्य देशांचे असे दाखले एकमेकांकडे अपोस्टिलशिवाय चालतात. त्यासोबत बहुभाषी प्रमाणित नमुना मागून घ्या, म्हणजे भाषांतराचा खर्चही बहुधा वाचतो.

मराठी घरांत याहून मोठी डोकेदुखी नावाची. पदवीवर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे. मधले नाव कुठे वडिलांचे, कुठे नवऱ्याचे. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव तिसऱ्याच प्रकारे. डच कारकुनाने पासपोर्टवरचे पूर्ण नाव उचलले आणि जर्मन कारकुनाने मधले नाव गाळले, की विमा, कर आणि बँक तुम्हाला तीन वेगळी माणसे समजतात. उपाय एकच: पहिल्या नोंदणीच्या वेळी पडद्यावर किंवा छापील कागदावर नावाचे एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा आणि मगच सही करा. नंतरची दुरुस्ती फार रेंगाळते. पदवी आणि पासपोर्टचे नाव वेगळे असेल तर लग्नाच्या दाखल्याचे अधिकृत भाषांतर त्यासोबत जोडा.

जुन्या देशातून निघताना काय काय उरकावे?

राहत्या पत्त्याची नोंदणी रद्द करा. नेदरलँड्समधून बारा महिन्यांत आठ महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणार असाल तर निघण्याच्या पाच दिवस आधीपासून गेमेन्टेला, म्हणजे नगरपालिकेला, कळवता येते. ते केले नाही तर डच आरोग्यविम्याचे हप्ते चालूच राहतात. डच मोबाइल क्रमांक मात्र लगेच बंद करू नका. डिजिडीचा, म्हणजे डच सरकारी संकेतस्थळांवरच्या लॉगिनचा, संकेतांक त्यावर येत असेल तर स्थलांतराच्या वर्षाचे विवरणपत्र, म्हणजे एम-फॉर्म, भरताना तो लागेल.

जर्मनीतून निघत असाल तर घराची नोटीस तीन महिन्यांची, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचलेली आणि कागदावर हाताने सही केलेली हवी. ईमेलने दिलेली नोटीस कायद्याने ग्राह्य नाही, मग घरमालकाने "ठीक आहे" असे उत्तर दिलेले असो वा नसो. 'आबमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी रद्द करणे, निघण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत करता येते, आणि त्याची पावती जपून ठेवा, कारण मोबाइल आणि रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करायला तीच मागतात.

आणि 'यू वन' हा फॉर्म घ्या. तुम्ही किती काळ विमाधारक नोकरीत होता याचा तो दाखला. नवी नोकरी सातव्या महिन्यात गेली तर त्यावरच सगळे ठरते. जर्मनीत बेकारी भत्त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत १२ महिन्यांचा विमा लागतो. जर्मनीत विमाधारक नोकरी सुरू झालेली असली तर आधीच्या देशाचे महिने त्यात धरले जातात. फॉर्म नंतरही मागवता येतो, पण भत्ता तोवर खोळंबतो.

जर्मनीत पोचल्यावर आधी काय: घर, बँक की नोंदणी?

घर, मग नोंदणी, मग बाकी सगळे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत 'आन्मेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. थोड्या दिवसांसाठी खोली घेताना "हा दाखला देणार का?" हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा, अनेक जण देत नाहीत. मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळच दोन आठवड्यांत मिळत नाही, तेव्हा वेळ घेतल्याची पावती जपावी.

नोंदणीनंतर ११ अंकी कर क्रमांक टपालाने येतो, साधारण दोन ते चार आठवड्यांत. इथे अगदी फालतू कारणाने माणसे अडकतात: पत्रपेटीवर आडनाव नसते. पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो, फ्लॅट क्रमांक बहुधा नसतोच. नाव नसेल तर पत्र परत जाते, कर क्रमांक मिळत नाही आणि कंपनीला सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जड दराने, कर कापावा लागतो. पैसे पुढे परत मिळतात, पण पहिला पगार बघून पोटात गोळा येतो. किल्ली हातात आल्याच्या दिवशीच कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने पेटीवर आणि घंटीवर लावा. सबलेटवर असाल तर आधीच्या नावाखाली तुमचेही लावा.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्म विचारतात. लिहावा का?

गोव्याच्या आणि वसईच्या कॅथलिक कुटुंबांनी हे नीट वाचावे. 'रोमन कॅथलिक' लिहिले की चर्च कर लागू होतो: बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के. तो पगारातूनच कापला जातो. पोर्तुगाल किंवा आयर्लंडमध्ये अशी पद्धत नाही, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसली की धक्का बसतो. बाहेर पडायचे तर राज्यानुसार न्यायालयात किंवा नागरी नोंदणी कार्यालयात जाऊन तशी घोषणा करावी लागते, आणि जर्मन चर्च त्याचा अर्थ चर्च सोडले असाच घेते. कर देऊन चर्चमध्ये राहायचे की नाही, हे घरात बोलून ठरवा. हिंदू, बौद्ध, मुस्लिम धर्मीयांना हा कर नाही.

जाहिरातीत 'रिकामे घर' म्हणजे नेमके किती रिकामे?

तुम्हाला वाटते त्याहून रिकामे. जर्मनीत अनेक घरांत स्वयंपाकघर नसते: ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नळाचे टोक आणि चुलीची वायर बाहेर आलेली. छताला दिव्याऐवजी नुसत्या तारा. 'आइनबाउक्युखे' असे लिहिले असेल तरच स्वयंपाकघर आहे असे समजा. नेदरलँड्समध्ये 'काल', म्हणजे उघडे, म्हणून दिलेल्या घरात जमीनही उघडी असते. आधीचा भाडेकरू लॅमिनेट उचकटून नेतो. जुन्या भाडेकरूकडून या वस्तू विकत घेण्याची पद्धत दोन्हीकडे आहे. भाव करा, लेखी यादी करा.

जर्मनीत अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचे 'थंड भाडे', म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून उरणारे भाडे. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. घर न दाखवता "किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी पैसे भरा" म्हणणारा प्रत्येक जण भामटा.

हिवाळ्यात भिंतीला काळी बुरशी धरते. चूक घराची की आमची?

थोडी दोघांची. आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर: कुकर, उकळणारी आमटी, वर वाळत घातलेले कपडे. ही वाफ घराच्या सर्वांत थंड जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे, पाणी होऊन बसते. लिस्बनच्या घरांतही ओल असते. जर्मनीतल्या नव्या घरात मात्र खिडक्या इतक्या घट्ट बसतात की वाफेला बाहेर जायला वाटच राहत नाही.

खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याने भिंत गार पडते, हवा मात्र पुरेशी बदलत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून, ५ ते १० मिनिटे, उणे तापमानातही. तेवढ्या वेळापुरता हीटर बंद. स्वयंपाक करताना दार लावून घ्या आणि झाल्या झाल्या खिडकी उघडा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पुढे. घरातील आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र फार महाग नसते. काटा ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. न वापरातल्या खोलीतही हीटर पूर्ण बंद करू नका, तिथेच बुरशी आधी धरते. घर ताब्यात घेताना प्रत्येक कोपऱ्याचे फोटो आणि मीटरचे आकडे हस्तांतरण-पत्रकात नोंदवलेले असले तर अनामतीवरून होणारा वाद लवकर मिटतो.

जुनी पेन्शन नव्या देशात हलवता येते का?

नाही, आणि गरजही नाही. पैसे जिथले तिथेच राहतात. पात्रतेसाठी वर्षे एकत्र मोजतात आणि म्हातारपणी प्रत्येक देश आपापला वाटा देतो. जर्मनीत किमान ६० महिने लागतात, पण तीन वर्षे डच आणि तीन जर्मन असली तरी अट पुरी होते. नेदरलँड्समध्ये विमाधारक राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे सरकारी पेन्शनचे २ टक्के जमा होतात. संघात एका देशातून दुसऱ्यात गेलेल्या भारतीय पासपोर्टधारकांनाही हे लागू आहे, डेन्मार्कचा अपवाद धरून.

नव्या देशात बँक खाते उघडेपर्यंत पगार कशात घ्यायचा?

जुन्याच खात्यात. युरोमधल्या व्यवहारात "आमच्याच देशाचे खाते हवे" असा आग्रह कंपनीला, वीजपुरवठादाराला किंवा घरमालकाला धरता येत नाही. युरोपीय नियमानेच त्याला मनाई आहे. ही ओळ ईमेलमध्ये लिहिली की बहुधा गाडी सुटते.

भारतीय लायसन्स बदलून डच घेतले होते. जर्मनीत चालेल?

त्या कार्डावर ७० हा संकेतांक आहे का ते बघा. तो असेल तर त्यापुढच्या देशाच्या चिन्हावरून मूळ लायसन्स संघाबाहेरचे होते हे कळते, आणि अशा लायसन्सला परस्पर मान्यता द्यायला दुसरा देश बांधील नाही. देश सोडण्याआधी तिथल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. नुसते भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

आयर्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी आहे. जर्मनीत थेट काम मिळेल?

थेट नाही. डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, फार्मासिस्ट यांच्या पदव्यांना संघात आपोआप मान्यता आहे, पण शिक्षण संघातले असेल तरच. केरळ किंवा सांगलीत घेतलेल्या नर्सिंगच्या पदवीला आयर्लंडने मान्यता दिली तरी जर्मनी ती पुन्हा तपासते. मान्यता देणाऱ्या देशात तीन वर्षे काम केल्याचा दाखला असला तर पारडे बरेच जड होते. त्यासोबत जर्मन भाषेची पातळीही सिद्ध करावी लागते, बहुतेक ठिकाणी बी टू, म्हणजे भाषेच्या ए वन ते सी टू या सहा पायऱ्यांतली चौथी.

मुलांची शाळा कोणत्या वर्षी बदलावी?

चौथीत नको. बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर मुलांची वाट वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांकडे फुटते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. बायर्नमध्ये गिम्नाझियुमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि तिथे १ हा सर्वोत्तम गुण. जर्मन न येणारे हुशार मूल त्या वर्षी नाहक मागे पडते. पहिली-दुसरीत आणले तर वर्षभरात भाषा सावरते. घरी मराठीच बोला. आईवडिलांचे मोडके जर्मन ऐकून मुलाचे जर्मन सुधारत नाही, मराठी मात्र जाते.

ऑफिसात इंग्रजी चालते. भाषा शिकायलाच हवी?

ॲमस्टरडॅममध्ये दहा वर्षे इंग्रजीवर निघतात, आणि तीच सवय जर्मनीत नडते. तिथे पत्र जर्मन, डॉक्टरकडची बाई जर्मन, पालकसभा जर्मन. सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात बी वनपर्यंत पोचायला भाषेचे ६०० तास धरलेले आहेत आणि वर समाजपरिचयाचे १००. समाजपरिचयाच्या परीक्षेत ३३ पैकी १५ उत्तरे बरोबर हवीत. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास म्हटले तरी दोन वर्षे. म्हणून वर्ग पहिल्या महिन्यातच सुरू करावा. "जरा स्थिरस्थावर झालो की" म्हणणारे पाच वर्षांनीही तेच म्हणत असतात.

ओळखी वाढवायला वर्गापेक्षा 'फेराइन', म्हणजे गावातले मंडळ, उपयोगी: खेळाचे, बागेचे, गाण्याचे, क्रिकेटचेसुद्धा. दर आठवड्याला तीच माणसे त्याच वेळी भेटतात. जर्मन माणूस पहिल्या भेटीत घरी बोलावत नाही; सहा महिने खुर्च्या मांडायला मदत केलीत की बोलावतो.

पोर्तुगालमधून स्वीडनला चाललो आहोत. थंडीची तयारी कशी करावी?

थंडीला कपडे आहेत, त्रास अंधाराचा. डिसेंबरच्या अखेरीस लिस्बनमध्ये साडेनऊ तास उजेड असतो, स्टॉकहोममध्ये सहा. नोव्हेंबरपासून दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला, ढगाळ असले तरी. आपल्या सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागते आणि तिथल्या हिवाळ्यात ते जवळपास मिळतच नाही, म्हणून सप्टेंबरमध्येच डॉक्टरकडून तपासून घ्या. झोप बिघडणे, चिडचिड, दिवसभर गोड खावेसे वाटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर "सवय होईल" म्हणत बसू नका, डॉक्टरकडे जा. स्वीडनमध्ये वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर कर कार्यालयात नोंदणी करून व्यक्तिक्रमांक आधी मागून घ्या, कारण डॉक्टर, बँक आणि मोबाइलची जोडणी सगळे त्याच क्रमांकावर चालते.